आत पाहिल्यावर काय दिसते?

मुंबईत गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत एका घराच्या पोटमाळ्यावर १९७०च्या दशकात रोज माणसे जमत. खोली लहान, भिंतींवर गुरुपरंपरेच्या तसबिरी, खाली गल्लीतला नेहमीचा कलकलाट. येणाऱ्यांत मराठी घरांतले जुने शिष्य असत, तसेच युरोप-अमेरिकेतून आलेले तरुणही असत. समोर बसलेले वयस्क गृहस्थ विडी ओढत, ठसक्यात मराठी बोलत, मध्येच आवाज चढवत. शेजारी बसलेला दुभाषा ते इंग्रजीत सांगे. येणारे बरेच जण एकच प्रश्न घेऊन येत: मी खरा कोण? त्यांना स्वतःविषयी काहीतरी ऐकायचे असे, आणि ते गृहस्थ नेमके तेच सांगायला तयार नसत.

हे मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज. जन्म १८९७चा, बालपण सिंधुदुर्गातल्या कांदळगावात गेलेले. वडिलांच्या निधनानंतर मुंबईला आले, थोडे दिवस कारकुनी केली, मग विडी-तंबाखूचे दुकान टाकले आणि धंदा वाढवला. १९३३ साली एका मित्राने आग्रहाने इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. गुरूंचा उपदेश थोडक्यात एवढाच होता की ‘मी आहे’ ही जाणीव धरून राहा आणि तिला चिकटलेले बाकीचे सगळे सोडत जा. १९३६ मध्ये गुरू गेले. शिष्याने मधल्या काळात संसार आणि दुकान सांभाळत एवढाच अभ्यास केला.

त्यांची मराठी संभाषणे ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत आणणारे मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. औंध संस्थानात राजांनी प्रजेच्या हाती कारभार सोपवला, त्या प्रयोगात ते होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागेही त्यांचा हात होता. गांधी आणि रमण महर्षी या दोघांच्याही सहवासात ते राहिले होते. ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक त्यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले आणि खेतवाडीचा पत्ता जगभर पोचला. आत्मशोधाचा ध्यास घेतलेला हा माणूस कैद्यांच्या आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांत इतका गुंतलेला होता, हे नोंदवण्यासारखे आहे. पुढे त्याचा संबंध येईल.

इंचगिरी परंपरेत अंतर्मुख होण्याच्या दोन वाटा मानतात. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा भर नामस्मरणावर आणि दीर्घ ध्यानावर. तो पिपीलिका मार्ग, मुंगीच्या चालीने झाडावर चढण्याचा. सिद्धरामेश्वरांनी पुढे विहंगम मार्ग मांडला: पक्षी उडत जाऊन फळावर बसतो, तसे विवेकाने थेट पोचायचे. याच भाऊसाहेबांचे आणखी एक शिष्य म्हणजे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे. एकाच गुरूच्या घरातून निघालेला एक प्रवाह अलाहाबादच्या विद्यापीठात आणि निंबाळच्या आश्रमात गेला, दुसरा खेतवाडीच्या विडीच्या दुकानात.

दक्षिणेकडे याच पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला रमण महर्षींचा. जुलै १८९६ मध्ये मदुराईला चुलत्यांच्या घरी सोळा वर्षांच्या या मुलाला अचानक मरणाची भीती वाटली. कोणाला हाक न मारता तो प्रेतासारखा निपचित पडला आणि मरते ते नेमके कोण, याचा त्याने तिथेच छडा लावायचे ठरवले. १ सप्टेंबर १८९६ रोजी तो तिरुवण्णामलैला पोचला आणि १९५०मध्ये देह ठेवीपर्यंत तिथून हलला नाही. १९०१-०२च्या सुमारास महसूल खात्यात काम करणारे शिवप्रकाशम् पिल्ले त्याच्याकडे आले. रमण तेव्हा बोलत नसत. ‘मी कोण?’ या प्रश्नाची उत्तरे त्यांनी खुणांनी आणि बोटाने वाळूत लिहून दिली, आणि पिल्लेंनी ती टिपून ठेवली. त्या छोट्या पुस्तिकेत देह मी नव्हे, इंद्रिये मी नव्हेत, अशी एक यादी येते. ती पिल्लेंनी मागाहून घातली, असे रमणांच्या भक्तमंडळींत सांगितले जाते. रमणांचा भर यादीवर नव्हता, ‘मी’ हा विचार उठतो कुठून तिकडे मागे वळण्यावर होता.

म्हणजे आत जाण्याचा उपदेश ज्यांनी सर्वांत ठामपणे केला, त्यांनी साधकाच्या हाती त्याचे वर्णन ठेवले नाही. तू शांत स्वभावाचा, तू कलावंत, तू मूळचा प्रेमळ, असे काही नाही. उलट माणूस जे वर्णन घेऊन आला होता तेही काढून घेतले. छांदोग्य उपनिषदातली इंद्र आणि विरोचनाची कथा याच वळणाची आहे. दोघे प्रजापतीकडे बत्तीस वर्षे राहतात. प्रजापती त्यांना पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहायला सांगतो. नटून-थटून पाहिले, छान दिसले, दोघेही खूश होऊन निघाले. विरोचन घरी गेला आणि देहालाच आत्मा मानण्याची शिकवण देऊ लागला. इंद्राला मात्र वाटेत शंका आली: देह आंधळा झाला तर आत्माही आंधळा? तो परत आला. मग स्वप्नातला मी, त्यावरही शंका. मग गाढ झोपेतला मी. तिथे तर स्वतःचीही जाण नाही, मग मिळाले काय? प्रत्येक वेळी परत, पुन्हा वास्तव्य. अशी एकूण एकशे एक वर्षे. कथाकाराने अध्यात्माचा मान कोणाला दिला ते स्पष्ट आहे. ज्याला पहिल्या दर्शनात समाधान झाले तो फसला, आणि मिळालेले उत्तर तपासायला जो परत आला तो पुढे गेला.

त्याच भूमीत दुसरा पक्ष उभा राहिला, आणि तो तितक्याच ताकदीचा आहे. बुद्धाने आत पाहिले आणि तिथे कायम टिकणारे असे काही नाही, असे सांगितले. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे चाके की आस की जू? राजाला एकेक भाग नाकारावा लागतो. स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम १७३९ साली स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचला: आत डोकावले की ऊन, थंडी, राग, प्रेम अशी एखादी जाणीव हाती लागते, जाणणारा वेगळा सापडत नाही. फ्रान्समध्ये त्याच्याही आधी माँतेन्यने १५७१ मध्ये सरकारी काम सोडून बुरुजातल्या ग्रंथालयात बसून स्वतःलाच विषय केले. ‘एसे’ची पहिली आवृत्ती १५८०ची, पुढे मरेपर्यंत तो जुन्या मजकुरात भर घालत राहिला आणि मागचे सहसा खोडले नाही. त्यामुळे एकाच पानावर वेगवेगळ्या वयांतला माँतेन्य एकमेकांशी न जुळणारी मते मांडताना दिसतो.

महाराष्ट्रात या पक्षाची सर्वांत धारदार मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आत्म्यावरच्या विश्वासाला त्यांनी धम्माबाहेर ठेवले. त्यांचा आक्षेप केवळ तर्काचा नव्हता. आत्मा मानला की त्याच्या उद्धाराची व्यवस्था येते, व्यवस्थेमागून पुरोहित येतो आणि पुरोहितामागून अंधश्रद्धा. शिवाय माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरजच पडत नाही. दोन माणसे समोरासमोर आली की धम्माचा प्रश्न सुरू होतो. आत्मशोधाच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा टाळला जातो, आणि ते चूक आहे. ज्या समाजात माणसाला जन्मापासून तू कोण हे गावाने ठरवून दिलेले असते, तिथे फक्त आत पाहा हा सल्ला अपुरा पडतो. फ्रीडमन यांना खेतवाडीच्या पोटमाळ्याइतकेच औंध आणि स्वतंत्रपूर महत्त्वाचे का वाटले असेल, तेही इथे उमगते.

आता प्रयोगशाळेकडे. ज्या १८७९ साली रमणांचा जन्म झाला, त्याच वर्षी जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तिथेही साधन आत पाहण्याचेच होते, फक्त घड्याळ लावून, ठराविक उद्दीपक देऊन आणि प्रशिक्षित निरीक्षक बसवून. पुढे कॉर्नेलला टिचनर आणि वुर्झबुर्गला क्युल्पे यांच्या गटांत वाद पेटला. एका गटाला विचार करताना मनात प्रतिमा दिसत, दुसऱ्याला प्रतिमेशिवायचा विचार सापडे. दोन्हीकडचे निरीक्षक कसलेले होते, आणि खरे कोणाचे हे ठरवायला बाहेरचे मोजमाप नव्हते. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी हे साधनच बाजूला सारा, वर्तन तेवढे पाहा, असे जाहीर केले. त्यांची भूमिका टोकाची होती, पण दुखणे खरे होते.

त्या दुखण्याचे नेमके निदान १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी केले. त्यांनी दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगली निवडायला सांगितले. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. डावीकडची पहिली १२ टक्क्यांनी निवडली, मग १७, मग ३१, आणि अगदी उजवीकडची ४० टक्क्यांनी. का निवडली असे विचारल्यावर लोकांनी विणकाम, पोत, तलमपणा अशी कारणे दिली. जागेचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि जागेमुळे फरक पडला असेल का असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारले. लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना आत पाहिल्यासारखे वाटत होते, प्रत्यक्षात ते पटण्याजोगे कारण शोधत होते.

मायकेल गॅझानिगा यांच्या रुग्णांत हे आणखी उघडे दिसले. अपस्मारावरचा उपाय म्हणून मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने तोडलेला. अशा एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने भरलेले अंगण. उजव्या हाताने कोंबडीचे चित्र उचलले, डाव्या हाताने फावडे. फावडे का, असे विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला बर्फाचा पत्ताच नव्हता; तरी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. उत्तर चुकीचे होते, पण ते देताना रुग्णाला तिळमात्र शंका आली नाही, हे जास्त महत्त्वाचे.

यावरून आत पाहणे निरर्थक ठरते का? नाही, आणि निस्बेट-विल्सन यांच्यावरही आक्षेप आलेच. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवले की गणित सोडवताना मनात चाललेले मोठ्याने बोलत गेले तर ते बोलणे बऱ्यापैकी भरवशाचे असते. फरक प्रश्नात आहे. आत्ता मनात काय चालले आहे, याचे उत्तर माणूस बरे देतो. असे का झाले, याचे उत्तर तो रचतो. आणि ‘मी खरा कसा आहे’ हा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे.

तो प्रश्न पुन्हा पुन्हा घोळवला तर नुकसानही होते. सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची मोजमापे घेतली होती, आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएताचा भूकंप झाला. त्यांना पुन्हा गाठल्यावर दिसले की आपल्याच दुःखाचा आणि त्याच्या कारणांचा काथ्याकूट करण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्य जास्त होते. आपण खोल विचार करतो आहोत असेच त्यांना वाटत असते. म्हणून ही सवय सुटायला कठीण.

उलट बाजूने जेम्स पेनेबेकर यांचे लेखनाचे प्रयोग येतात. १९८६च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ लहानच निघाला, पण एक बारकावा हाती लागला: लिहिताना ज्यांची नजर ‘मी’वरून इतरांकडे आणि परत अशी फिरत राहिली, त्यांना फायदा अधिक झाला. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत तर स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेतले, एवढ्यानेच माणसे ताणाच्या प्रसंगी जास्त शांत राहिली. मराठी वाचकाला इथे अभंगाच्या शेवटची नाममुद्रा आठवल्याशिवाय राहणार नाही. तुकोबा स्वतःची लाज, भीती, तळमळ मांडतात आणि शेवटच्या चरणात स्वतःकडे तिऱ्हाइतासारखे पाहतात. त्यांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर यांनी नवऱ्याचा जाच, वासराची माया आणि आपली तगमग अभंगांत लिहून ठेवली. सतराव्या शतकातले एका बाईचे हे आत्मचरित्र आहे. नाममुद्रेची रीत मानसोपचारासाठी निघाली नव्हती. पण शतकानुशतके स्वतःचे मन उघडे करणाऱ्या परंपरेने दोन पावले मागे उभे राहायची सोय रचनेतच ठेवली होती, हे मोलाचे आहे.

मराठीत अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार चांगला रुजला आहे. एलिस आधी मनोविश्लेषण करत. ते सोडून १९५५च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली. तीतही आत पाहायचे असते, पण बालपणाच्या तळघरात उतरण्यासाठी नाही. आत्ता आपण स्वतःला कोणते वाक्य ऐकवतो आहोत ते पकडायचे आणि त्याला पुरावा मागायचा. एलिस यांचा आणखी एक आग्रह असे: आपल्या कृतीला गुण द्या, ‘स्व’ला एकगठ्ठा गुण देऊ नका. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांनी १९७६ मध्ये उभ्या केलेल्या विपश्यना केंद्राची रीत वेगळी, पण दिशा तीच. पहाटे चारला घंटा, दहा दिवसांच्या शिबिरात मौन, वाचन-लेखन बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्यापासून अंगावरच्या संवेदना, आणि त्यांची गोष्ट बनवायची नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर करू नये असे सांगितले जाते, आणि ती खबरदारी योग्यच आहे. एकांतातले दीर्घ ध्यान काहींना भीती आणि भ्रमापर्यंत नेते, हे ध्यानाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

आज मात्र ‘तुमचा खरा मी शोधा’ म्हणत जी शिबिरे, पुस्तके आणि ॲप विकली जातात, ती नेमके वर्णन देऊ करतात. दोन दिवसांत, प्रमाणपत्रासह. या खऱ्या ‘मी’वरही संशोधन झाले आहे, आणि त्याचे निष्कर्ष विचारात पाडतात. जॉर्ज न्यूमन, पॉल ब्लूम आणि जोशुआ नोब यांनी २०१४ मध्ये दाखवले की माणसाच्या आतला खरा भाग कोणता हे ठरवताना लोक आपल्याला जे चांगले वाटते त्याकडेच झुकतात. एखाद्या माणसाची श्रद्धा एक सांगते आणि ओढ दुसरीकडे, अशी गोष्ट ऐकवली तर उदारमतवाद्याला ओढ खरी वाटते, परंपरावाद्याला श्रद्धा. शोधकाला आत सापडणारा खरा मी बहुतेक वेळा त्याच्या मूल्यांना साजेसा निघतो. चिडखोर, हिशेबी, घाबरट तो बाहेरचा. आतला मात्र निर्मळ. ही समजूत सुखाची आहे, सुधारायला बळही देते, पण तिला शोध म्हणणे कठीण आहे.

मग ओळख पटते कशावरून? सिमिन वझिरे यांनी २०१० मध्ये हा प्रश्न वाटून घेतला. चिंता, अस्वस्थता यांविषयी माणसाचा स्वतःचा शब्द अधिक खरा ठरला. बुद्धिमत्ता आणि कल्पकता यांविषयी मित्रांचा. ज्या गुणांशी आपला मान निगडित आहे, तिथे आतली नजर कमी पडते. गुरू, सत्संग, जवळचा मित्र किंवा समुपदेशक यांची गरज जुन्या आणि नव्या दोन्ही वाटांवर का भासते, याचा काही उलगडा इथे होतो.

नीना स्ट्रॉमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये मेंदूचा ऱ्हास होणाऱ्या रुग्णांच्या नातलगांना विचारले: हे माणूस तुम्हाला अजून तेच वाटते का? अल्झायमरमध्ये स्मृती जाते, तरी तेच माणूस असल्याची भावना बऱ्यापैकी टिकली. सर्वांत जास्त तुटली ती फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, जिथे आठवणी बऱ्याच शाबूत राहतात पण माया, भीडभाड, प्रामाणिकपणा ओसरतो. घरातली माणसे सांगतात की हे आमचे राहिले नाहीत. या आजाराचे एक लक्षण असे की रुग्णाला स्वतःत बदल झाल्याचे बहुधा जाणवतच नाही. तो आत पाहतो आणि त्याला काही बिघडलेले दिसत नाही. त्यामुळे निदानासाठी डॉक्टर रुग्णाइतकेच, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त, त्याच्या बायकोचे, नवऱ्याचे किंवा मुलांचे म्हणणे ऐकून घेतात: हे असे कधीपासून वागू लागले, आणि आधी कसे होते.